अनेक खाती, एकच दार

जून महिन्याचा पहिला पंधरवडा खानदेशात दुहेरी धांदलीचा असतो. मृगाच्या पावसाकडे डोळे लावून शेतकरी कपाशीचे बियाणे आणि पीक कर्ज यांची तजवीज करीत असतो, आणि त्याच सुमारास दहावी-बारावीचे निकाल हाती आलेल्या मुलामुलींच्या प्रवेशासाठी दाखल्यांची जुळवाजुळव सुरू असते. जळगाव जिल्ह्यातील १५ आणि धुळे जिल्ह्यातील ४ तालुक्यांच्या ठिकाणी या दिवसांत सेवा केंद्रांपुढे जी रांग लागते, तीत उभ्या असलेल्या बहुतेकांच्या हाती एकसारखी पिशवी असते. शिधापत्रिका, आधारपत्र, सातबाराचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला आणि यांपैकी प्रत्येकाच्या दोन-तीन छायाप्रती, असा तिच्यातील ऐवज असतो. वर्षानुवर्षे तीच कागदपत्रे, त्याच शासनाला, निरनिराळ्या खिडक्यांवर दाखविली जातात.

आता या खिडक्यांपैकी बऱ्याचशा संगणकाच्या पडद्यावर आल्या आहेत. ही निःसंशय मोठी प्रगती होय. परंतु खिडकी लाकडाची होती ती काचेची झाली, एवढ्यानेच नागरिकाचे काम हलके होते काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. शासनाच्या अनेक खात्यांच्या सेवा एकाच संकेतस्थळावर आणणे आणि त्या सर्वांचा वापर नागरिकाला एकाच रीतीने करता येणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली गोष्ट यंत्राने साधते. दुसरीसाठी विचारपूर्वक रचना करावी लागते. ती रचना कशी असावी, याचा हा परामर्श.

एका घराची कामे

यावल तालुक्यातील केळी पिकविणाऱ्या एखाद्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. घरातील आजोबा मागील वर्षी वारले. त्यांच्या नावावरील जमिनीस वारसांची नोंद लावावयाची आहे. त्यासाठी मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीकडून आणि फेरफाराची नोंद महसूल खात्याकडून मिळवावी लागते. मुलाला नव्या केळीबागेसाठी ठिबक सिंचन संचाचे अनुदान हवे आहे. ते काम कृषी खात्याचे. नातीला महाविद्यालयात प्रवेश घ्यावयाचा आहे. तिला उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून, जातीचा दाखला फैजपूरच्या प्रांत कचेरीतून आणि शिष्यवृत्ती आणखी एका खात्याकडून मिळावयाची आहे.

ही सारी कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. वारस नोंद झाल्याशिवाय सातबारावर मुलाचे नाव येत नाही. सातबारावर नाव आल्याशिवाय ठिबकच्या अनुदानाचा अर्ज पुढे सरकत नाही. उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळाला नाही तर शिष्यवृत्तीची मुदत टळते. घरातील माणसांना हा गुंता एकच दिसतो. शासनाला मात्र ती चार-पाच खात्यांची वेगवेगळी प्रकरणे दिसतात. एकात्मिक संकेतस्थळाचे खरे प्रयोजन हे दोन दृष्टिकोन एकमेकांजवळ आणणे हे आहे.

आजवरची वाटचाल

महाराष्ट्रात या दिशेने झालेले काम थोडे नाही. १९७६ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना झाली आणि पुढे जिल्हा मुख्यालये संगणकांनी जोडली गेली. भूमी अभिलेखांचे संगणकीकरण टप्प्याटप्प्याने होऊन १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा घरबसल्या मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाईलवरून करण्याची सोय राज्यभर झाली. २०१५ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम संमत झाला आणि अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा कायदेशीर हक्क ठरला. त्याच वर्षी 'आपले सरकार' या संकेतस्थळावर अनेक खात्यांच्या सेवा एकत्र देण्यास प्रारंभ झाला. 'महाडीबीटी' या संकेतस्थळाने शिष्यवृत्त्या आणि शेतकरी योजना यांचे अर्ज स्वीकारण्याची व्यवस्था केली.

या प्रत्येक प्रणालीची उभारणी त्या त्या खात्याने आपल्या गरजेनुसार आणि आपल्या वेळेनुसार केली. साहजिकच प्रत्येकीची मांडणी निराळी झाली. एका ठिकाणी 'नोंदणी करा' असे लिहिलेले असते, दुसऱ्या ठिकाणी 'नवीन वापरकर्ता' असे. एका ठिकाणी अर्ज 'जतन' होतो, दुसऱ्या ठिकाणी तो 'सेव्ह' होतो आणि तिसऱ्या ठिकाणी अर्धवट अर्ज राहतच नाही. पुढे जाण्याचे बटन एका पानावर उजवीकडे, दुसऱ्यावर मध्यभागी. शहरातील सराईत माणसाला यात विशेष अडचण वाटत नाही. परंतु वर्षातून दोनदाच संकेतस्थळ उघडणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी नव्याने शिकावे लागते, आणि एकदा शिकलेले दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडत नाही.

एकत्रीकरणाच्या तीन पायऱ्या

एकत्रीकरणाच्या तीन पायऱ्या मानता येतील. पहिली पायरी फलकाची. एकाच पानावर सर्व खात्यांची नावे आणि दुवे दिलेले असतात. दुवा दाबला की नागरिक त्या खात्याच्या वेगळ्या संकेतस्थळावर जातो आणि तेथे पुन्हा नोंदणी करतो. बाजारपेठेच्या वेशीवर लावलेल्या पाटीसारखे हे काम आहे. पाटी उपयोगी असते, पण तिने दुकाने एक होत नाहीत.

दुसरी पायरी रीतीची. सर्व सेवांचे पडदे एकाच नमुन्यावर बेतलेले असतात. प्रवेश एकदाच करावा लागतो. शब्द तेच, बटनांच्या जागा त्याच, पैसे भरण्याची पद्धत तीच आणि पोचपावतीचे स्वरूपही तेच असते. ज्याला उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करता आला, त्याला अधिवासाच्या दाखल्याचा अर्ज न शिकविता करता येतो.

तिसरी पायरी माहितीची. शासनाजवळ एका खात्यात असलेली माहिती नागरिकाकडे दुसऱ्या खात्याने पुन्हा मागू नये, हे तिचे सूत्र. एस्टोनिया या लहानशा देशाने २००१ पासून आपल्या शासकीय नोंदवह्या एका सामायिक प्रणालीने जोडल्या आणि हे तत्त्व व्यवहारात आणले. ब्रिटनने २०१२ मध्ये आपली प्रमुख शासकीय संकेतस्थळे गुंडाळून एकाच संकेतस्थळावर एकाच भाषेत व एकाच मांडणीत माहिती देण्यास सुरुवात केली. दोन्ही देशांचा अनुभव असा, की यंत्रसामग्रीपेक्षा खात्याखात्यांमधील एकवाक्यता घडवून आणणे अधिक कष्टाचे असते.

आपल्याकडे शेतकरी योजनांसाठी महाडीबीटीने स्वीकारलेले 'अर्ज एक, योजना अनेक' हे सूत्र याच तिसऱ्या पायरीकडे नेणारे आहे. शेतकरी आपली व आपल्या जमिनीची माहिती एकदा भरतो आणि तिच्या आधारे ठिबक संच, अवजारे, फळबाग अशा विविध बाबींसाठी मागणी नोंदवितो. केळीसाठी ठिबक सिंचनाचा मोठ्या प्रमाणावर वापर करणाऱ्या जळगाव जिल्ह्याला या सोयीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. प्रारंभी या योजनांतील निवड संगणकीय सोडतीने होत असे. २०२५ मध्ये प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य हे धोरण आले. या बदलाचा रचनेशी निकटचा संबंध आहे. सोडतीत अर्ज सकाळी भरला काय आणि सायंकाळी भरला काय, फरक पडत नाही. पण क्रमाने निवड होणार असेल, तर ज्याच्या गावात जाळे मंद आहे किंवा ज्याचा अर्ज एका न कळलेल्या चुकीमुळे अडला आहे, तो मागे पडतो. अशा वेळी पडद्याची सुलभता हा न्यायाचा प्रश्न बनतो.

नावाचा प्रश्न

माहिती जोडावयाची तर माणूस ओळखता आला पाहिजे, आणि येथेच सर्वांत अवघड गाठ आहे. आपल्याकडील शाळांच्या दप्तरात आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव व नंतर वडिलांचे नाव लिहिण्याचा परिपाठ आहे. आधारपत्रावर बहुधा स्वतःचे नाव प्रथम येते. विवाहानंतर स्त्रीचे मधले व शेवटचे नाव बदलते. माहेरच्या शाळेतील दाखला मात्र जुन्याच नावाचा राहतो. सातबारावर कधी नुसते 'भ्र.' म्हणून पतीचे नाव लावलेले असते. 'पाटील' कोठे ऱ्हस्व लिहिले जाते, कोठे दीर्घ. 'चौधरी' हे आडनाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारांनी लिहितात. गावातील प्रत्येकाला ही एकच व्यक्ती असल्याचे ठाऊक असते. यंत्राला मात्र ती चार व्यक्ती वाटतात.

यात भर पडते ती जुन्या टंकांची. देवनागरीचा समावेश असलेली युनिकोड ही जागतिक संकेतप्रणाली १९९१ पासून उपलब्ध असली, तरी आपल्या कार्यालयांत दीर्घकाळ निरनिराळे टंक वापरात होते आणि प्रत्येकाची कळांची योजना निराळी होती. एका टंकात नोंदलेली अक्षरे दुसऱ्यात उघडली तर निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोडमध्येही काही जोडाक्षरे एकाहून अधिक प्रकारांनी टंकित करता येतात. 'ऱ्या'सारखे अक्षर दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी टंकित झाले, तर डोळ्यांना ते सारखेच दिसते, परंतु शोध घेणाऱ्या यंत्राला दोन्ही भिन्न वाटतात. गट क्रमांकातील आकडा देवनागरी की आंतरराष्ट्रीय, हाही असाच बारकावा आहे.

या अडचणीवर उत्तम रचनेने पुष्कळ मात करता येते. नाव तंतोतंत जुळत नाही म्हणून अर्ज थेट नाकारण्याऐवजी दोन्ही नावे शेजारी शेजारी दाखवून 'ही व्यक्ती आपणच काय?' असे विचारता येते. अर्जदाराने होय म्हटल्यास प्रकरण पडताळणीसाठी संबंधित अधिकाऱ्याकडे जावे आणि त्याचा निर्णय सर्व खात्यांसाठी एकदाच नोंदला जावा. आकडे कोणत्याही लिपीत टाकले तरी ते प्रणालीने स्वीकारावेत. एका वेलांटीपायी विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती अडकून तिचे वर्ष वाया जाणे, ही तांत्रिक बाब म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नव्हे.

लोकांचे शब्द

संकेतस्थळाची भाषा मराठी असावी, याबद्दल दुमत नाही. पण कोणती मराठी? अधिनियमात 'पदनिर्देशित अधिकारी' हा शब्द आहे आणि कायद्याच्या दृष्टीने तो अचूकही आहे. नागरिकाला मात्र 'आपला अर्ज तहसीलदार पाहतील' एवढे सांगितले की पुरते. प्रमाणपत्राला खानदेशात सर्रास 'दाखला' म्हणतात, अधिकार अभिलेखाला 'सातबारा' आणि उपविभागीय अधिकाऱ्याच्या कार्यालयाला 'प्रांत कचेरी'. शोधाच्या चौकटीत यांपैकी कोणताही शब्द लिहिला तरी योग्य सेवा सापडली पाहिजे. कायद्याचे नाव आणि लोकांचे नाव यांची सांगड घालणारा एकच शब्दसंग्रह सर्व खात्यांनी मान्य करणे, हे एकात्मिक रचनेतील पायाभूत काम आहे.

खानदेशात घरोघरी अहिराणी बोलली जाते, जळगावच्या पूर्व भागात लेवा गणबोली कानी पडते आणि सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, शिरपूर या भागांत पावरी व भिलोरी. लेखी अर्ज या बोलींत घ्यावेत असे कोणी म्हणणार नाही. तथापि, अर्ज कसा करावा आणि कोणते कागद आणावेत, हे ध्वनिमुद्रित स्वरूपात या बोलींतून सांगणे मुळीच अशक्य नाही. जळगावजवळील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची कविता घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून ती महाराष्ट्राला लाभली, आणि आज जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. अक्षरओळख नसणे म्हणजे समज नसणे नव्हे, याचा याहून बोलका दाखला खानदेशात शोधावयास नको.

पडद्यापुढील दोन माणसे

शहरी रचनाकार पडद्यापुढे एकच माणूस बसलेला आहे असे गृहीत धरतो. साक्री किंवा सिंदखेडा तालुक्यातील आपले सरकार सेवा केंद्रात तेथे दोन माणसे असतात. एक केंद्रचालक, जो दिवसभरात कित्येक अर्ज भरतो आणि ज्याला वेग हवा असतो. दुसरा अर्जदार, जो समोरच्या बाकावर बसून वाट पाहतो आणि ज्याला आपल्या नावाने काय लिहिले जात आहे हे कळावयास हवे असते. अर्ज पाठविण्यापूर्वी भरलेली माहिती मोठ्या अक्षरांत एका पानावर दिसली, तर चालकाला ती वाचून दाखविता येते आणि जन्मसालातील चूक तेथल्या तेथे सुधारता येते.

मोबाईलवर येणाऱ्या परवलीच्या अंकांचीही अशीच गोष्ट आहे. धुळे परिसरातील अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे कामासाठी सुरतेला किंवा हंगामी ऊसतोडीला गेलेली असतात. घरातील एकुलता मोबाईल त्यांच्याजवळ असतो. गावी राहिलेल्या वृद्ध आईच्या अर्जाचे अंक सुरतेत पोचतात आणि काही मिनिटांतच त्यांची मुदत संपते. या मुदतीत थोडी वाढ करणे, किंवा केंद्रात अंगठ्याच्या ठशावर ओळख पटविण्याचा पर्याय ठेवणे, हे रचनेतील लहान बदल होत. परंतु अशा बदलांवरच म्हातारीची एक खेप वाचते आणि त्या दिवसाची मजुरीही.

दिव्यांग व्यक्तींचा विचार तर कायद्यानेच बंधनकारक केला आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क अधिनियम आणि २००९ पासून वेळोवेळी प्रसृत झालेली भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे यांनुसार पडदा वाचून दाखविणाऱ्या साधनांना संकेतस्थळ वाचता आले पाहिजे, अक्षरे व पार्श्वभूमी यांत पुरेसा फरक असला पाहिजे आणि केवळ रंगावरून अर्थ लावण्याची वेळ येता कामा नये. ही काळजी घेतली की भर उन्हात मोबाईल पाहणाऱ्या डोळस माणसालाही तिचा लाभ होतो.

उत्तम पडद्याची लक्षणे

सर्व खात्यांनी एकदिलाने पाळावयाचे नियम फार नाहीत. अर्ज सुरू करण्यापूर्वीच लागणारी कागदपत्रे, शुल्क आणि मुदत यांची यादी दिसावी, म्हणजे अर्ध्या वाटेवरून परतावे लागणार नाही. एका पानावर एकाच विषयाचे प्रश्न असावेत. भरलेली माहिती आपोआप जतन व्हावी, कारण वीज आणि जाळे यांचा भरवसा सर्वत्र सारखा नसतो. चूक झाली तर 'अवैध नोंद' एवढेच न सांगता कोणत्या रकान्यात काय चुकले व काय लिहावे हे सांगावे. छायाचित्र मोठे असल्यास ते लहान करण्याचे काम यंत्राने स्वतः करावे. सत्तरी उलटलेल्या माणसाला जन्मतारीख निवडण्यासाठी दिनदर्शिकेची पाने एकेक करून मागे न्यावी लागू नयेत. अंक थेट लिहिण्याची सोय असावी.

सर्वांत महत्त्वाची ती पोचपावती. लोकसेवा हक्क अधिनियमाने अर्जदाराला पोच आणि सेवेची मुदत कळविण्याचे बंधन घातले आहे. अर्ज फेटाळला तर कारणे लेखी द्यावी लागतात. त्यावर प्रथम व द्वितीय अपील आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे दाद मागण्याची तरतूद आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु हा हक्क नागरिकाच्या हातात येतो तो त्या एका कागदाच्या रूपाने. पावतीवर अर्जाचा क्रमांक, सेवा देण्याची अखेरची तारीख, जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि अपील कोणाकडे करावे, ही माहिती ठळक मराठीत असेल, तर कायदा पिशवीत घालून घरी नेता येतो.

एकत्र, पण उघडे नव्हे

माहिती एकत्र जोडताना एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. कृषी खात्याला शेतकऱ्याची जमीन किती हे कळणे आवश्यक असेल. त्याच्या घरातील आजारपण किंवा मुलीची जात कळण्याचे कारण नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने या विषयाला कायद्याचे अधिष्ठान दिले आहे. कोणत्या खात्याने आपली कोणती माहिती केव्हा पाहिली, हे नागरिकाला आपल्याच खात्यात दिसावे, ही चांगल्या रचनेची खूण मानावी लागेल. सामायिक सेवा केंद्रातील संगणकावर काम संपताच आधीच्या अर्जदाराची माहिती पुसली जाणे, हेही तितकेच आवश्यक.

कसोटी कोठे घ्यावी

अशा संकेतस्थळाची परीक्षा मंत्रालयातील सभागृहात होऊ शकत नाही. तिची जागा रावेरच्या केळी बाजारात, शिरपूरच्या सेवा केंद्रात किंवा अमळनेरच्या महाविद्यालयाच्या आवारात आहे. तालुक्याच्या ठिकाणी पाच-सहा नागरिकांना प्रत्यक्ष अर्ज भरावयास सांगून, मध्ये न बोलता त्यांच्याकडे नुसते पाहत राहिले, तरी मोठे दोष उघड होतात. कोणत्या पानावर किती अर्ज अर्धवट सुटले, याची नोंद यंत्र स्वतः ठेवू शकते. दर महिन्याला ती नोंद पाहून एकेक अडथळा दूर करीत जाणे, हे काम शोभेचे नसले तरी त्याचा परिणाम टिकाऊ असतो.

यावलच्या त्या कुटुंबाकडे पुन्हा वळू. आजोबांच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होताच वारस नोंदीसाठी काय करावे हे घरच्यांना आपणहून कळविले गेले, फेरफार मंजूर होताच ठिबकच्या अर्जातील जमिनीची माहिती अद्ययावत झाली आणि उत्पन्नाचा दाखला तयार होताच तो शिष्यवृत्तीच्या अर्जास जोडला गेला, तर कोणते काम कोणत्या खात्याचे याचा विचार त्या घराला करावा लागणार नाही. तो विचार शासनाने आपल्याकडे घेतलेला असेल. मग पुढल्या जूनमध्ये ती पिशवी खुंटीवर टांगलेलीच राहील आणि घरातील माणसे पेरणीच्या कामाला मोकळी असतील.